लेव्हरकुसेनचे शेवटच्या मिनिटांतले गोल नशिबाचे की मेहनतीचे? डेटावरून कसं तपासायचं, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

फुटबॉलच्या डेटावर काम केलेलं कोणी इथे असेल तर प्लीज मदत करा. विषय बायर लेव्हरकुसेन या जर्मन क्लबचा २०२३-२४ चा सीझन. कोच चाबी अलोन्सोची ही टीम बुंडेसलिगात (जर्मनीची सर्वोच्च लीग) ३४ पैकी २८ मॅच जिंकली, ६ ड्रॉ, हरली एकही नाही, आणि बायर्नची सलग ११ टायटलची मालिका तुटली. आमच्या ग्रुपवर एक पक्का बायर्नवाला आहे, त्याचं पालुपद एकच, नशीब जोरावर होतं रे, नाहीतर दर वेळी शेवटच्या मिनिटाला गोल कसा होईल? मला हे अजिबात पटत नाही, पण आकड्यांशिवाय तो ऐकणार नाही आणि त्यात त्याचं चूकही नाही.

त्याच्याकडे उदाहरणं भरपूर आहेत हे खरं. जानेवारी २०२४ मध्ये ऑग्सबर्गविरुद्ध पालासिओसचा गोल ९०+४ ला (म्हणजे ९० मिनिटांनंतर मिळणाऱ्या जादा वेळेच्या, इंज्युरी टाइमच्या, चौथ्या मिनिटाला), पुढच्याच मॅचमध्ये लाइपझिगविरुद्ध इन्कापिए ९०+१ ला. मार्चमध्ये होफनहाइमविरुद्ध ८८ व्या मिनिटापर्यंत ०-१ ने मागे, आधी आंद्रिखने बरोबरी केली आणि इंज्युरी टाइममध्ये स्ट्रायकर शिकने मॅच काढली. डॉर्टमुंडविरुद्ध ९०+७ ला स्टानिशिच (तो तर बायर्नकडूनच लोनवर आला होता, हे मी मित्राला दर वेळी ऐकवतो), आणि लगेच पुढच्या आठवड्यात स्टुटगार्टविरुद्ध ९०+६ ला परत आंद्रिख.

पण त्या सीझनच्या मॅच बघताना मला तरी नशीब दिसत नाही. ८० मिनिटं झाली तरी हे लोक घाईने लांब बॉल उडवत नाहीत, झाका मधे उभा राहून इकडून तिकडे फिरवत राहतो, ग्रिमाल्डो आणि फ्रिम्पाँग दोन्ही टोकांना चिकटून, समोरची टीम सगळीच्या सगळी बॉक्समध्ये ढकललेली, आणि मग बेंचवरून शिक येतो. म्हणजे दमलेल्या टीमवर प्रेशर वाढत जातं आणि शेवटी बांध फुटतो, असं माझं मत.

आता अडलंय कुठे ते सांगतो. स्टॅट्सबॉम्ब या फुटबॉल डेटा कंपनीने या सीझनच्या लेव्हरकुसेनच्या ३४ लीग मॅचेसचा इव्हेंट डेटा (प्रत्येक पास, शॉट वगैरेची नोंद) फुकट दिलाय, तो पायथनमध्ये उतरवून घेतलाय, प्रत्येक शॉटचा एक्सजी (तो शॉट गोल होण्याची शक्यता, ० ते १ मध्ये) त्यात आहे. पहिल्या हाफचा इंज्युरी टाइम आणि दुसऱ्या हाफची सुरुवात यांचे मिनिटांचे आकडे एकमेकांत मिसळतात म्हणून पिरियडचा (कोणता हाफ ते सांगणारा) कॉलम घेऊनच गट पाडलेत. पण तुलना कशाशी करू? बाकी टीम्सच्या आपापसातल्या मॅचेस यात नाहीत. २०१५-१६ चा बुंडेसलिगाचा पूर्ण सीझन फुकट मिळतो, पण तेव्हा तीनच सब्स (बदली खेळाडू) होते, आता पाच, आणि इंज्युरी टाइमही आता जास्त दिला जातो, मग शेवटच्या १५ मिनिटांची तुलना कितपत खरी? आणि मुळात ३४ मॅचवरून नशीब आणि पद्धत वेगळी काढता येते का? कोणी नीट समजावून सांगितलं तर फार उपकार होतील.

---

प्रतिसाद:

छान धागा. तुमच्या मित्राच्या वाक्यात दोन प्रश्न एकात एक अडकलेत, ते आधी सोडवा. शेवटी शेवटी इतके चान्सेस तयार का झाले हा एक, आणि झालेले चान्सेस आत किती गेले हा दुसरा. पहिल्यात पद्धत दिसेल, नशीब मुख्यतः दुसऱ्यात.

दुसऱ्यासाठी सिम्युलेशन करा. ७५ मिनिटांनंतरचा प्रत्येक शॉट घ्या, त्याच्या एक्सजीएवढी गोलची शक्यता धरून कॉम्प्युटरला दहा हजार वेळा तो सीझन खेळायला लावा आणि दर वेळी किती गोल होतात ते मोजा. खरा आकडा त्या पसाऱ्याच्या मधे कुठेतरी पडला तर चान्सेसच तेवढे होते, एकदम टोकाला पडला तर मित्राच्या म्हणण्यात तथ्य आहे. एक काळजी घ्या, एकाच अटॅकमध्ये शॉट अडला आणि रिबाउंडवर परत मारला तर दोन्ही एक्सजी सरळ बेरीज करू नका. ०.३ आणि ०.४ असतील तर ०.७ नाही, दोन्ही हुकण्याची शक्यता ०.७ गुणिले ०.६ म्हणजे ०.४२, म्हणून गोलची ०.५८. पझेशनचा (बॉल एका टीमकडे असतानाच्या टप्प्याचा) नंबर डेटात असतोच, त्यावरून एकत्र करा. ओन गोल शॉटमध्ये येत नाहीत, ते वेगळे मोजा.

पहिल्यासाठी २०१५-१६ कडे जाऊच नका. त्याच ३४ मॅचमधल्या समोरच्या टीम्स आहेत की, तेच रेफ्री, तेवढाच इंज्युरी टाइम, तेवढेच सब्स. फक्त तुलना करताना त्या वेळचा स्कोअरही बघा. लेव्हरकुसेन बरोबरीत किंवा मागे असतानाची मिनिटं वेगळी काढा, कारण पुढे असलेली टीम बहुतेक वेळा मागे सरकते. आणि गट १५ मिनिटांचे न करता प्रत्यक्ष खेळलेल्या दर मिनिटामागे एक्सजी काढा, नाहीतर शेवटचा गट आपोआप फुगतो.

३४ मॅचवरून छातीठोक काही सांगता येणार नाही, अंदाजाची रेंज मात्र नक्की देता येईल. ती रेंजच मित्राला दाखवा.

---

धागाकर्ता:

मनापासून धन्यवाद दादा, समोरच्याच टीम्सशी तुलना करायचं डोक्यातच आलं नव्हतं. आज रात्रीच पझेशनप्रमाणे शॉट एकत्र करायला घेतो.

अजून एक विचारतो. समोरची टीम बॉक्समध्ये ढकलली जाते हे माझं म्हणणं तपासायचंय. प्रत्येक शॉटच्या क्षणी खेळाडू कुठे उभे होते याची फ्रीझ फ्रेम डेटात आहे, त्यावरून शॉट मारणारा आणि गोल यांच्यामध्ये किती डिफेंडर होते ते मोजता येईल. पण समोरची टीम जितकी मागे जाईल तितके मधे डिफेंडर जास्त आणि शॉटचा एक्सजी कमी, मग प्रेशर वाढलं की चान्सची क्वालिटी उलट घसरते का? शिक आल्यानंतरचे हेडर वेगळे काढून बघावेत का यासाठी, की सगळे शॉट एकत्रच ठेवू?