भांडवल लागत नाही, हे अर्धंच खरं

‘इस्टेट एजंटला भांडवल लागत नाही, एक फोन पुरे’ असं बरेच जण म्हणतात. भाड्याच्या घरांपुरतं ते एक वेळ चालेल. पण बिल्डरच्या नोंदणीकृत प्रकल्पातले फ्लॅट विकायचे तर महारेराकडे (राज्याचं स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरण) एजंट म्हणून नोंदणी हवीच, आणि २०२३ पासून त्यासाठी प्रशिक्षण आणि परीक्षाही सक्तीची केली आहे. मला हे अगदी योग्य वाटतं. समोरचा माणूस आयुष्याची कमाई आपल्या शब्दावर लावत असतो.

खरं भांडवल म्हणजे काही महिने घर चालेल एवढी शिल्लक. सौदा टोकनला, म्हणजे बयाणा दिला की, ठरतो, पण दलाली बहुतेकदा रजिस्ट्रेशन झाल्यावरच हातात पडते. मधल्या काळात बँकेचं कर्ज, सोसायटीची एनओसी, वारसांच्या सह्या. रिसेलमध्ये शेअर सर्टिफिकेटवर (सोसायटीने सभासदाला दिलेला भागाचा दाखला) दोन नावं आणि त्यातलं एक हयात नाही, हे तर नेहमीचंच! म्हणून फ्लॅट दाखवण्याआधी मालकाकडून इंडेक्स टू (नोंदवलेल्या खरेदीखताचा सरकारी गोषवारा), शेअर सर्टिफिकेट आणि भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरायला परवानगी असल्याचा दाखला) मागून घ्या.

आणि भाड्याचा लिव्ह अँड लायसन्स करार कितीही महिन्यांचा असो, महाराष्ट्रात तो नोंदवावाच लागतो. ‘अकराच महिन्यांचा आहे, नोटरी चालेल’ असं गिऱ्हाइकाला कृपया सांगू नका.