जेफरसन 'मी' म्हणून बोलतो, तेव्हा आपण कुणाचं ऐकत असतो?

शाईदौत

अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात विल्यम्सबर्ग नावाचं गाव आहे. 1699 ते 1780 या काळात ही व्हर्जिनियाची राजधानी. पुढे राजधानी रिचमंडला गेली आणि गाव मागे पडलं. 1926 पासून जॉन डी. रॉकफेलर ज्युनियर यांच्या पैशातून ते पुन्हा अठराव्या शतकातल्या रूपात उभं करण्यात आलं. आज तिथे नट त्या काळची माणसं साकारतात. म्हणून जॉर्ज वॉशिंग्टन घोड्यावरून जाताना दिसतात, टॉमस जेफरसन भेटतात. ते नुसते उभे राहत नाहीत. समोर बसलेल्या लोकांच्या प्रश्नांना उत्तरं देतात, आणि सगळी 'मी'च्या भाषेत.

हे नट ढोंगी किंवा उथळ आहेत असं मला अजिबात म्हणायचं नाही. त्यांचा अभ्यास दांडगा असतो. माझा आक्षेप त्या 'मी'ला आहे.

या कामाची एक रीत आहे. प्रत्येक पात्राला एक साल नेमून दिलेलं असतं आणि त्या सालानंतर काय घडलं हे पात्राला ठाऊक नसतं. ऐकायला हे फार प्रामाणिक वाटतं. पण कोणतं साल निवडलं जातं ते पाहा. 1776 चा जेफरसन म्हणजे स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणारा तेहेतीस वर्षांचा तरुण. सॅली हेमिंग्ज तेव्हा तीन वर्षांची होती. म्हणजे त्याने स्वतःच्याच मालकीच्या या गुलाम स्त्रीशी पुढे ठेवलेल्या संबंधांबद्दल आणि त्यांतून झालेल्या मुलांबद्दल तुम्ही विचारूच शकत नाही. विचारलंत तर त्याला खरोखरच माहीत नसतं! त्याने आयुष्यभरात सहाशेहून अधिक माणसं गुलामीत ठेवली, हा आकडाही त्या दिवशी पूर्ण झालेला नसतो.

साल पुढचं घेतलं, तरी प्रश्न सुटत नाही. पात्र शेवटी आपली बाजूच मांडणार. हजारो पत्रं लिहिलेला, शब्दांवर हुकमत असलेला माणूस समोर बसून दिलखुलास बोलतो आहे, हसतो आहे, 'ही प्रथा मलाही सलते' म्हणून सुस्कारा टाकतो आहे. ऐकणारा विरघळतो. दोनशे वर्षांनीही शेवटचा शब्द त्याचाच राहतो.

म्हणून माझं मत सरळ आहे. राष्ट्र उभारणाऱ्या माणसांचा पोशाख घाला, त्यांची पत्रं मोठ्याने वाचा, त्यांच्या घरांतून लोकांना फिरवा. पण त्यांच्या तोंडून 'मी' बोलू नका. 2026 हे जाहीरनाम्याचं 250 वं वर्ष आहे. असे प्रयोग वाढण्याच्या या दिवसांत हा वाद आत्ताच व्हायला हवा.

नेपथ्य

शाईदौत, मला तुमचं म्हणणं मुळातच पटत नाही.

भिंतीवरच्या फलकाला कुणी प्रश्न विचारत नाही. मार्गदर्शकाला विचारतात तेही 'हे घर कधी बांधलं' एवढंच. समोर जेफरसन आला की मात्र बारा वर्षांची मुलगी हात वर करून म्हणते, 'सगळी माणसं समान आहेत असं तुम्ही लिहिलंत, मग तुमच्या घरी गुलाम कसे?' हा प्रश्न ती अभ्यासकाला विचारणार नाही. अभ्यासकाने काही केलेलंच नाही. प्रश्न विचारायला आरोपी समोर लागतो.

आणि उत्तर म्हणजे नेहमी सफाईच असते, हे तुम्ही कशावरून ठरवलंत? पॅट्रिक हेन्रीचं 1773 चं पत्र घ्या. स्वातंत्र्यासाठी गर्जना करणारा हा माणूस एका क्वेकर (गुलामगिरीला विरोध करणाऱ्या ख्रिस्ती पंथातल्या) मित्राला लिहितो की, गुलामांशिवाय जगणं गैरसोयीचं आहे म्हणून मी ओढला जातो आहे, याचं समर्थन मी करणार नाही, करू शकत नाही. हे वाक्य कागदावर वाचलं तर टीप होते. तेच एखादा चांगला नट तुमच्या डोळ्यांत बघून बोलला, तर अंगावर काटा येतो. त्या वाक्यात सुटका नाही. चूक कळूनही सोयीसाठी ती चालू ठेवणारा माणूस तुमच्यासमोर उघडा पडलेला असतो.

सालाचं बंधन तुम्हाला पळवाट वाटते, मला ती शिस्त वाटते. पुढचं माहीत असल्याच्या थाटात बोलणारं पात्र म्हणजे आजचाच माणूस टोप घालून बोलतो आहे. त्या काळच्या माणसाला आपण कुठे चाललो आहोत हे ठाऊक नव्हतं, हे अनुभवायला मिळणं हेच तर या कामाचं मोल.

बिल बार्कर यांनी विल्यम्सबर्गमध्ये 1993 पासून जेफरसन साकारला आणि 2019 मध्ये ते थेट जेफरसनच्याच घरी, माँटिसेलोला, त्या कामावर गेले. इतकी वर्षं एका माणसाची पत्रं वाचणारा नट त्याची वकिली करतो म्हणणं अन्याय आहे.

गोदाकाठ

नेपथ्य, हेन्रीचा विषय काढलाच आहे तर एक अडचण सांगतो.

रिचमंडच्या सेंट जॉन्स चर्चमध्ये 23 मार्च 1775 च्या सभेचा प्रयोग होतो. हेन्री उठतो आणि 'मला स्वातंत्र्य द्या, नाहीतर मरण द्या' म्हणतो. प्रेक्षक त्याच चर्चच्या बाकांवर बसलेले असतात. जागा खरी, तारीख खरी. पण भाषणाचा मजकूर? हेन्रीने तो लिहून ठेवला नव्हता, त्या दिवशी कुणी शब्दशः उतरवूनही घेतला नव्हता. विल्यम वर्ट या चरित्रकाराने ऐकणाऱ्यांच्या आठवणी गोळा करून तो जुळवला आणि 1817 मध्ये छापला. म्हणजे 42 वर्षांनी, हेन्री 1799 मध्ये वारल्यावर.

नट ते शब्द त्याच चर्चमध्ये छातीवर हात ठेवून बोलतो तेव्हा ही 42 वर्षं कुठे जातात? बटण, बकल, शिलाई यांवर जिवापाड मेहनत घेणारे हे लोक आहेत. कापडाचा पोत चुकलेला त्यांना चालत नाही. मग वाक्य कुणाचं आहे हे प्रेक्षकाला सांगायला नको का?

नेपथ्य

सांगायला हवंच. प्रयोगाआधी सांगा, नंतर सांगा. पण म्हणून प्रयोगच नको? वर्टच्या मजकुरावरच त्या देशातल्या कित्येक पिढ्या वाढल्या. तो मजकूर हासुद्धा आता इतिहासच आहे.

अर्धविराम

तुम्ही तिघंही फक्त मोठ्या नावांबद्दल बोलत आहात, म्हणून मधे बोलते.

स्वातंत्र्ययुद्धाच्या सुमारास विल्यम्सबर्गच्या लोकसंख्येत निम्म्याहून जास्त लोक काळे होते आणि त्यांतले बहुतेक सगळे गुलामीत होते. या गावाची पुनर्बांधणी 1926 ला सुरू झाली आणि काळ्या लोकांचं जगणं साकारणारे कलाकार तिथे आले 1979 मध्ये. मधली त्रेपन्न वर्षं या गावाची निम्मी वस्ती रस्त्यावर नव्हतीच. शाईदौत, ही खोट 'मी'ची नव्हती. कुणाला 'मी' म्हणायची मुभा होती, याची ती खोट होती.

10 ऑक्टोबर 1994 ला तिथे गुलामांच्या लिलावाचा प्रयोग झाला. क्रिस्टी कोलमन तेव्हा तिथल्या आफ्रिकन-अमेरिकन विभागाच्या प्रमुख होत्या. त्या केवळ आयोजक नव्हत्या, विकल्या जाणाऱ्या गरोदर स्त्रीची भूमिका त्यांनी स्वतः केली. सुमारे दोन हजार लोक जमले. नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनांचे लोक निषेधाला आले होते. आमच्या वेदनेचा तमाशा करू नका, हे त्यांचं म्हणणं समजण्यासारखंच होतं. प्रयोग संपल्यावर निषेधासाठी आलेल्यांपैकी एक नेते, जॅक ग्रेव्हली, यांचं मत बदललं. वेदनेला चेहरा होता, अपमानाला शरीर होतं, दुःखाला अश्रू होते, अशा अर्थाचं ते बोलले.

हे तृतीयपुरुषी निवेदनाने घडलं असतं? मला नाही वाटत.

आणि जेम्स लाफायेतला विसरू नका. विल्यम आर्मिस्टेड याच्या मालकीचा हा गुलाम 1781 मध्ये फ्रेंच सेनानी लाफायेतसाठी हेर झाला. ब्रिटिश सेनापती कॉर्नवॉलिसच्या छावणीत वावरून त्याने बातम्या आणल्या. युद्ध जिंकलं, देश स्वतंत्र झाला, हा गुलामच राहिला. मालकाच्या बदली सैन्यात लढलेल्या गुलामांना मुक्त करणारा कायदा 1783 मध्ये झाला, पण हेराला तो लागू होईना. लाफायेतच्या हातची शिफारस घेऊन त्याला अर्ज करावा लागला आणि 1787 मध्ये व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने त्याला मुक्त केलं. मग त्याने लाफायेत हे नाव घेतलं. विल्यम्सबर्गमध्ये आज हाही 'मी' म्हणून बोलतो. तो राष्ट्रनिर्माता नाही का? की ही पदवी फक्त जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांचीच?

शाईदौत

अर्धविराम, जेम्सच्या 'मी'ला माझा विरोध नाही आणि हा दुजाभाव मी जाणूनबुजून करते आहे.

जेफरसनला शतकानुशतकं बोलायला मिळालं. त्याची पत्रं जपली गेली, घर जपलं गेलं. सॅली हेमिंग्जचा स्वतःचा एक शब्द उरलेला नाही, तिचं एकही चित्र नाही. तिचा मुलगा मॅडिसन याने 1873 मध्ये एका वर्तमानपत्राला आठवणी सांगितल्या म्हणून आपल्याला तिच्याबद्दल थोडं तरी कळतं. 1998 च्या डीएनए चाचणीनंतर 2000 मध्ये माँटिसेलोच्या संस्थेने ते नातं मान्य केलं. जिला बोलूच दिलं नाही तिला कलाकाराने आवाज देणं आणि ज्याचा आवाज कधी थांबलाच नाही त्याला पुन्हा माइक देणं, या दोन गोष्टी मी एका मापाने मोजणार नाही.

नेपथ्य, आरोपी समोर लागतो म्हणता ना? मग वॉशिंग्टनला हे विचारून बघा. राष्ट्राध्यक्ष म्हणून ते पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या फिलाडेल्फियात राहत होते. पेनसिल्व्हेनियाच्या 1780 च्या कायद्यानुसार बाहेरून आणलेला गुलाम सलग सहा महिने तिथे राहिला की मुक्तीवर हक्क सांगू शकत होता. वॉशिंग्टन यांनी मुदत भरण्याआधीच आपल्या माणसांना राज्याबाहेर धाडून परत आणायची व्यवस्था केली. एप्रिल 1791 मध्ये आपल्या सचिवाला लिहिलं की हे अशा बहाण्याने करा, की त्यांनाही आणि जनतेलाही कळू नये. 1796 मध्ये त्याच घरातून ओना जज ही गुलाम स्त्री निसटली. तिने पुढे 1845-46 मध्ये मुलाखती दिल्या. 1848 मध्ये ती वारली तेव्हाही कायद्याच्या नजरेत ती फरारी गुलामच होती.

आता सांगा, 1791 च्या वॉशिंग्टनचं पात्र यावर काय बोलणार? त्या माणसाने हे लपवायचं ठरवलं होतं. भूमिकेशी इमान राखायचं तर नटाने खोटं बोललं पाहिजे. खरं बोलायचं तर भूमिका सोडली पाहिजे. तुमच्या शिस्तीची मर्यादा इथे आहे.

मोडीवाचक

प्लिमथचं उदाहरण अजून कुणी दिलेलं नाही. मॅसॅच्युसेट्समधल्या या संग्रहालयात 1627 सालची इंग्रज वस्ती उभी केलेली आहे. तिथले लोक पूर्णपणे भूमिकेत असतात, त्या काळच्या बोलीत बोलतात, आजचं काही विचारलं तर गोंधळतात. त्याच आवारात वाम्पनोआग लोकांची वसाहत आहे. तिथले कर्मचारी मूळ निवासी समाजांतले असतात, पारंपरिक पोशाखात चूल पेटवतात, होडी कोरतात, पण सोंग घेत नाहीत. आजची माणसं म्हणून बोलतात.

मला दुसरी रीत जास्त खरी वाटते. कीर्तनकार तुकोबांचा प्रसंग असा रंगवतो की ऐकणाऱ्याचे डोळे भरतात, क्षणभर तो त्यांच्या तोंडचं बोलतोही, पण मी तुकाराम आहे असं म्हणत नाही. आत जाऊन बाहेर येण्याची वाट तो उघडी ठेवतो. शाईदौत यांचा 'मी नको' हा हट्ट मला टोकाचा वाटतो आणि नेपथ्य यांची शिस्त बंदिस्त. अनेक ठिकाणी हल्ली कलाकार आधी पात्र म्हणून उत्तरं देतात, मग टोपी काढून स्वतःच्या नावाने पुन्हा प्रश्न घेतात. 1791 च्या पत्राचं उत्तर त्या दुसऱ्या भागात मिळू शकतं.

नेपथ्य

मोडीवाचक, टोपी काढण्याला माझी हरकत नाही, पण ते शेवटी करावं. प्रत्येक अवघड प्रश्नाला नट भूमिकेबाहेर पळू लागला, तर प्रेक्षकाला वॉशिंग्टन भेटलाच नाही.

शाईदौत, तुमच्या प्रश्नाला सरळ उत्तर देतो. 1791 चा वॉशिंग्टन खोटं बोलेल. बोलू दे. सफाईने, सभ्यपणे, नजर न चुकवता बोलू दे. ओना जज साकारणारी कलाकार दहा पावलांवर उभी असू दे. त्याचं बोलणं संपलं की तिने सुरू करावं आणि मग नटाने स्वतः ते पत्र वाचून दाखवावं. आपण ज्याच्यावर विश्वास ठेवला त्याने आपल्याला आत्ताच फसवलं, हे प्रेक्षकाला जितकं लागेल तितकं तुमच्या तृतीयपुरुषी वाचनाने लागणार नाही.

गोदाकाठ

हे तुम्ही म्हणता तसं होण्यासाठी ओना जजची कलाकार त्याच वेळी, त्याच जागी, तेवढ्याच पगारावर हवी. वॉशिंग्टन रोज आणि ओना महिन्यातून एकदा, असं असेल तर लोक खोटं ऐकून घरी जातील.

अर्धविराम

गोदाकाठ यांच्याशी पूर्ण सहमत. वेळापत्रक बघितल्याशिवाय या वादात कुणाचीच बाजू घेता येत नाही.

शाईदौत

नेपथ्य, तुम्ही मांडलेला प्रयोग मी बघायला जाईन. पण त्यात वॉशिंग्टन एकटा उरत नाही, हे तुमच्याही लक्षात आलं असेल. ओना नसेल त्या दिवशी त्यालाही रस्त्यावर आणू नये, एवढी अट घालायला तुम्ही तयार आहात का?

नेपथ्य

नाही. ही अट मी मान्य करणार नाही. कलाकार आजारी पडतात, पाऊस येतो. ती नसेल त्या दिवशी पत्र तरी वाचलंच पाहिजे, इतकं मात्र मी लिहून द्यायला तयार आहे.