१३ वर्षांखालच्या स्पर्धेत नववीतला मुलगा: तक्रार करावी की सोडून द्यावं?

रंकाळाकाठ
गेल्या रविवारी आमच्या शाळेचा १३ वर्षांखालचा फुटबॉल संघ सेमीफायनलला १-० हरला. मी कोच नाही, पालक. पण सरांना जमत नाही तेव्हा टचलाइनवर मीच असतो. समोरच्या संघातला नऊ नंबरच्या जर्सीचा पोरगा बघून आमच्या पोरांनी वॉर्मअपलाच तोंडं पाडली होती. मिसरूड फुटलेलं, आवाज फुटलेला, आमच्या बचावातल्या स्टॉपरपेक्षा वीतभर उंच. गोल त्यानेच केला. खांद्याला खांदा लावला, आमचा पोरगा बाजूला पडला, बॉल जाळीत. फाऊल नव्हता, हे आधीच सांगतो.

मॅच संपल्यावर हजार रुपये भरून लेखी तक्रार केली. आयोजकांनी आधार कार्ड पाहिलं, जन्मतारीख बसत होती, तक्रार फेटाळली.

खरी गोम पुढेच आहे. दोन्हीकडची पोरं गेटवरच्या एकाच गाड्यावर वडापाव खात होती. माझ्या मुलाने सहज विचारलं, कितवीत रे? तो म्हणाला, "नववी. पुढच्या वर्षी दहावी, मग बॉल बंद, पप्पा म्हणालेत." फायनल येत्या रविवारी आहे. शाळेचा हजेरीपट मागितला की विषय संपतो. मागू का?

जुना_रेफ्री
मिसरूड वॉर्मअपला दिसलं होतं, मग तक्रार वॉर्मअपला का नाही? एवढं एक सांगा. तुम्ही १-० जिंकला असतात तर हा धागा निघाला असता का?

वीस वर्षं शिट्टी वाजवली. रेफ्रीच्या हातात खेळाडूंची यादी असते, वय त्याला मोजता येत नाही. वयाचा खरा तपास मनगटाच्या एक्स-रेवर होतो. हाडांची वाढ बघून वय काढतात, टीडब्ल्यू३ म्हणतात त्याला. आपला राष्ट्रीय महासंघ युवा स्पर्धांसाठी ती चाचणी लावतो, आणि सुब्रतो कप या शालेय फुटबॉल स्पर्धेला दिल्लीत पोचलेले संघ वयावरून बाद झालेत. गल्लीतल्या स्पर्धेत एक्स-रेचे पैसे कोण देणार? ट्रॉफीच उधारीवर आणलेली असते.

मायलेकरू
रेफ्रीकाका, प्रश्न हरण्या-जिंकण्याचा नाहीच. माझा मुलगा डिसेंबरचा आहे. वयोगट १ जानेवारीपासून मोजतात, म्हणजे त्याच्याच गटातला जानेवारीचा मुलगा त्याच्यापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठा. जगभरच्या युवा संघांत जानेवारी ते मार्चमध्ये जन्मलेली मुलं जास्त आणि वर्षअखेरची कमी सापडतात, ती काही उगीच नाही. कोच मोठ्या मुलाला निवडतो, त्याला जास्त मॅच मिळतात, तो आणखी पुढे जातो. नियम पाळूनही माझं पोर इतकं मागे. त्यावर नववीतला घोडा आणून उभा करायचा? ४० किलोच्या मुलाला ६० किलोचा खांदा लागला की गुडघा जातो. हजेरीपट मागाच.

गावाकडचा_कोच
ताई, मिसरूड बघून वय ठरवू नका. माझ्याकडं अकरा वर्षांचं पोरगं आहे, त्याला बघून एसटीचा कंडक्टर हाफ तिकीट देत नाही. आणि कागदाचं म्हणाल तर माझीच जन्मतारीख १ जून आहे. आमच्या वर्गात निम्म्यांची १ जूनच होती, गुरुजींनी शाळा सुरू व्हायच्या हिशोबानं टाकलेली. आता दवाखान्यातला दाखला असतो, मान्य.

पण या प्रकरणात खोटं कुणी बोललं? पोरगं तर विचारल्याबरोबर खरं बोललं. लबाडी केली ती कागद तयार करणाऱ्या मोठ्या माणसांनी. तुम्ही हजेरीपट नेला की गावात नाव कुणाचं निघणार? त्या पोराचं. कोच पुढच्या वर्षी दुसरं पोरगं शोधील. वडापाव खाता खाता मित्रानं काढलेली गोष्ट पुरावा म्हणून वापरायची, हे माझ्या जिवाला पटत नाही.

डाव्या_पायाचा
"मोठी माणसं दोषी, म्हणून गप्प बसा", असंच करत करत ही सवय देशाच्या संघापर्यंत जाते. १९८८ मध्ये मेक्सिकोने २० वर्षांखालच्या पात्रता स्पर्धेत वय उलटलेले चार खेळाडू खेळवले. सापडले कसे? त्यांच्याच महासंघाने छापलेल्या वार्षिकात खऱ्या जन्मतारखा होत्या, एका पत्रकाराने ताडून बघितल्या. फिफाने दोन वर्षांची बंदी घातली ती मेक्सिकोच्या सगळ्याच संघांवर. ज्यांचा काही संबंध नव्हता ते मोठे खेळाडूही १९९० च्या वर्ल्डकपला मुकले. उलट उदाहरणही आहे. २००९ च्या १७ वर्षांखालच्या वर्ल्डकपला फिफाने मनगटाचा एमआरआय आणला, तेव्हा यजमान नायजेरियाने स्पर्धेआधीच चाचणीत न बसलेली १५ मुलं काढली. उरलेली पोरं फायनलपर्यंत गेली, १-० हरली. जमतं म्हणजे.

गावाकडचा_कोच
नायजेरियाकडं एमआरआय होता. रंकाळाकाठ यांच्याकडं वडापाव आहे.

जुना_रेफ्री
😄 डाव्या_पायाचा यांचा मुद्दा बरोबर, पण मेक्सिकोत तारखा उघड छापलेल्या होत्या. इथे कागद गप्प आहे, बोललंय ते लेकरू. मधला रस्ता सांगतो. मुलाचं नाव घेऊ नका. आयोजकांना लिहा की फायनलला दोन्ही संघांच्या सगळ्या खेळाडूंचं बोनाफाईड तपासा, त्यावर इयत्ता असते. एकट्या नऊ नंबरचं नाही, सगळ्यांचं. आणि पुढच्या वर्षापासून उपांत्य फेरीतल्या चारही संघांचं तपासा, म्हणजे तुमचंसुद्धा. चालेल ना तुम्हाला?

रंकाळाकाठ
त्या शेवटच्या प्रश्नावर दोन दिवस अडकलो, म्हणून उत्तराला उशीर. आमचा गोलकीपर जूनमध्ये शाळा सोडून दुसरीकडे गेला. ओळखपत्र आमचंच होतं, म्हणून सरांनी खेळवला. मला ठाऊक होतं. वयात बसतो, मग काय बिघडलं, असं तेव्हा वाटलं होतं. बोनाफाईड मागितलं असतं तर आम्ही पहिल्याच फेरीत घरी.

मायलेकरू
शाळा बदलणं आणि दोन वर्षांनी मोठा असणं एकच नाही हो. तुमच्या गोलकीपरमुळे कुणाचा गुडघा जात नव्हता.

डाव्या_पायाचा
पण क्वार्टरफायनलला पेनल्टी अडवल्या त्यानेच ना? हरलेल्या संघाला जाऊन सांगा की एकच नाही.

रंकाळाकाठ
दोन अडवल्या. आज सरांना भेटून आलो. रेफ्रीकाका म्हणाले तसं पत्र दिलं, आमच्या गोलकीपरबद्दलची ओळ पहिली, नऊ नंबरचा उल्लेख नाही. सर सही करेनात, मी पालक म्हणून केली. मुलगा विचारत होता, "आता तो माझ्याशी बोलेल का?" मी म्हटलं, त्याचं नाव कुठेही नाहीये. म्हणाला, "पण कितवीत हे मीच विचारलं होतं ना."

जुना_रेफ्री
तक्रारीचे हजार परत मिळाले?

रंकाळाकाठ
नाही. पावतीसुद्धा नाही.