मदत हवी आहे: 'आशियात पायलट कमी पडणार' या भरवशावर घर तारण ठेवावं का?

डिचोलीकर

भाचा यंदा गोवा बोर्डातून बारावीला आहे, भौतिकशास्त्र आणि गणित दोन्ही विषय आहेत. पायलट व्हायचंय त्याला. मडगावात एका पायलट-प्रशिक्षण संस्थेचं सेमिनार झालं. तिथे सांगितलं की इंडिगोने ५०० विमानं मागवलीत, एअर इंडियाने ४७०, अकासाने १५०, म्हणजे नोकरी ठरलेलीच. शिक्षणाचं पॅकेज ६० लाखांचं, पैकी १५ लाख महिनाभरात भरा म्हणतात. बहिणीचं डिचोलीतलं घर बँकेत तारण ठेवायचा विचार चाललाय.

या आकड्यांवर किती विसंबायचं? बेळगाव जवळ पडतं म्हणून तिथे शिकवावं का? आणि मोपा विमानतळ सुरू झाल्यामुळे गोव्यातच नोकरी मिळेल, हे खरं का?

उजवी_सीट

आकडे खरे आहेत, त्यांचा अर्थ भलता लावलाय. इंडिगोची ५०० विमानांची ऑर्डर जून २०२३ ची, पण ती विमानं यायची आहेत २०३० ते २०३५ मध्ये. ऑर्डर पाहू नका, वर्षाला निव्वळ किती विमानं वाढतात ते पाहा: नवी आलेली, वजा भाडेकरार संपून परत गेलेली, वजा जमिनीवर उभी असलेली. शेवटचा भाग लोक विसरतात. प्रॅट अँड व्हिटनीच्या जीटीएफ इंजिनातल्या धातूच्या भुकटीचा दोष २०२३ मध्ये बाहेर आला आणि २०२४ च्या सुरुवातीला एकट्या इंडिगोची सत्तरच्या आसपास विमानं उभी होती. उभ्या विमानाला पायलट लागत नाही.

ए३२० किंवा ७३७ अशा एका विमानामागे साधारण १२ ते १४ पायलट धरतात, निम्मे कॅप्टन, निम्मे को-पायलट. देशात वर्षाला निव्वळ १०० विमानं वाढली, आणि हे अगदी हात सैल सोडून धरलंय, तर १,२०० ते १,४०० जागा. डीजीसीएने (विमान वाहतुकीची सरकारी नियामक संस्था) २०२३ या एका वर्षात १,६२२ सीपीएल (व्यावसायिक पायलटची लायसन्स) दिली. आधीच्या वर्षांचे वाट पाहणारे वेगळे.

क्रॉसविंड

हिशेब बरोबर, निष्कर्ष जरा जास्तच काळा. निवृत्त होणारे, मेडिकलमध्ये अपात्र ठरलेले, आखाती कंपन्यांकडे जाणारे, यांच्या जागाही दरवर्षी भराव्या लागतात. शिवाय ड्युटीचे नियम बदललेत. आठवड्याची विश्रांती ३६ तासांवरून ४८ झाली, रात्रीची लँडिंग सहावरून दोनवर आली. तयारी अपुरी असली की काय होतं ते डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली तेव्हा सगळ्यांनी पाहिलं. म्हणजे विमानामागे १२ चा आकडा आता पुरणार नाही.

उजवी_सीट

मान्य. पण खरा तुटवडा कॅप्टनचा आहे, नवख्यांचा नाही. कॅप्टन व्हायला एटीपीएल हे वरचं लायसन्स लागतं, त्याला किमान १,५०० तास. को-पायलट कॅप्टन झाला की त्याची उजवी सीट रिकामी होते, नवख्याला शिरायला खरी वाट तीच. कंपनीने परदेशी कॅप्टन आणले, किंवा ट्रेनिंग कॅप्टन आणि सिम्युलेटरचे स्लॉट कमी पडले, की ही साखळी तिथेच अडते. वर एखादी कंपनी बसली की झालंच. जेट एप्रिल २०१९ मध्ये थांबली, गो फर्स्ट मे २०२३ मध्ये. दोन्ही वेळा अनुभवी आणि टाइप रेटिंगवाले (ठराविक विमान चालवायची परवानगी असलेले) लोक एकदम बाजारात आले. त्यांच्यापुढे २०० तासांच्या पोराला कोण विचारतो?

'आशिया' या शब्दालाही भुलू नका. व्हिएतनाम-इंडोनेशियात बाहेरच्यांना घेतात ते बहुतेक कॅप्टन म्हणून. कोऱ्या को-पायलटच्या जागा तिथल्या मुलांना. बाजार आशियाचा वाढला तरी तुमच्या भाच्याची रांग भारतातलीच.

आल्टिमीटर

मागणीचा वाद चालू द्या, मी शिक्षणाचं सांगते. क्रम महत्त्वाचा, आणि हा क्रम उलटा करायला लावणाऱ्या संस्थेला लांबूनच नमस्कार.

सर्वांत आधी मेडिकल. डीजीसीएच्या यादीतल्या डॉक्टरकडे क्लास २, मग क्लास १ (व्यावसायिक पायलटला लागतं ते). रंगांधळेपणा, ईसीजी, ऐकण्याची चाचणी, रक्त-लघवी. चष्मा चालतो, चष्म्याने ६/६ दिसलं पाहिजे. क्लास १ हातात येईपर्यंत एक रुपयाही भरू नका. इथे अपात्र ठरल्यावर आधी भरलेला हप्ता परत मिळवताना नाकी नऊ येतात.

मेडिकलच्या जोडीने ईजीसीएवर (डीजीसीएचं पोर्टल) कॉम्प्युटर नंबरचा (परीक्षेला बसायला लागणारा क्रमांक) अर्ज. त्यासाठी पर्वरीच्या बोर्डाकडून गुणपत्रिकांची पडताळणी लागते, तिला वेळ जातो. मग घरी बसून पेपर: नेव्हिगेशन, मेटिरॉलॉजी (हवामानशास्त्र, म्हणजे मेट), रेग्युलेशन्स, टेक्निकल जनरल, टेक्निकल स्पेसिफिक. पास व्हायला ७० टक्के. नेव्हिगेशन आणि मेट या दोघांतच मुलं अडकतात. हे दोन सुटले तर फ्लाइंगला घालायचं, नाहीतर तासाचे पैसे भरून विमान शिकायचं आणि पेपरांसाठी मध्येच घरी यायचं असं होतं. मध्ये खंड पडला की हात बसलेला जातो आणि तेच धडे पुन्हा पैसे देऊन घ्यावे लागतात. आरटीआर (रेडिओ वापरायचा परवाना) वेगळं, ते आता डीजीसीएकडेच आलंय.

फ्लाइंग २०० तासांचं. त्यात १०० तास पायलट-इन-कमांड (विमानाची जबाबदारी स्वतःवर), त्यांतले ५० क्रॉस-कंट्री (दुसऱ्या ठिकाणापर्यंतचं उड्डाण), एक ३०० नॉटिकल मैलांची फेरी दोन वेगळ्या विमानतळांवर उतरून, रात्रीचे ५ तास, इन्स्ट्रुमेंटचे (फक्त उपकरणं पाहून उडायचे) २०.

डिचोलीकर

हे तर सेमिनारमध्ये कोणी बोललंच नाही. बेळगावबद्दल काय?

आल्टिमीटर

गोव्यात फ्लाइंग स्कूल नाही, त्यामुळे चोर्ला घाटातून बेळगाव सोपं वाटतं. पण जून ते सप्टेंबर तिथे ढग खाली उतरतात आणि व्हीएफआरला (बाहेर डोळ्यांनी पाहून उडायला) ५ किलोमीटर दृश्यमानता लागते, शिकाऊ विमानं दिवस दिवस शेडमध्ये राहतात. शिवाय त्याच धावपट्टीवर प्रवासी विमानं आणि हवाई दल. बारामती पर्जन्यछायेत आहे, पावसाळ्यातही तास निघतात. उत्तरेकडे गेलात तर डिसेंबर-जानेवारीत धुकं.

तरी हवामानापेक्षा मोठं कारण म्हणजे विमानं आणि शिक्षक. ब्रोशरमध्ये १२ विमानं असतात. तुम्ही विचारा, आज उडण्याजोगी किती? ५० आणि १०० तासांच्या तपासण्या, सुटे भाग परदेशातून येणं, २,००० तासांच्या आसपास इंजिनची ओव्हरहॉल, यात निम्मी अडकलेली असू शकतात. एअरलाइन्सची भरती वाढली की शिक्षकच तिकडे निघून जातात. बाजाराची तेजी शिकणाऱ्याला अशीही भोवते! दहा-बारा महिन्यांत संपायचं ते दीड-दोन वर्षं लांबतं. डीजीसीए आता संस्थांची श्रेणी जाहीर करते, ती आधी पाहा. मग तिथल्या मुलांना, ऑफिसात नव्हे तर हॉस्टेलवर जाऊन, मागच्या तीन महिन्यांत किती तास झाले ते विचारा. महिन्याला २० च्या खाली असतील तर चहा पिऊन परत या.

पैसे तासांच्या टप्प्याने भरायचे. १५ लाख आगाऊ मागत असतील तर न उडलेल्या तासांचा परतावा किती दिवसांत, हे करारात लिहून घ्या.

क्रॉसविंड

आणि ६० लाखांत टाइप रेटिंग धरलंय का? बहुधा नाही. ए३२० चं रेटिंग आणखी १२ ते २० लाख. मल्टी-इंजिनचे तास, परीक्षांच्या फिया, हॉस्टेल हेही विचारा. ६० लाख, ११ टक्के, १० वर्षं म्हटलं तर हप्ता महिन्याला सुमारे ८२,६५०. लायसन्स मिळाल्यावर वर्ष-दोन वर्षं नोकरी लागली नाही तरी हा हप्ता घरातून जाणार. तो जाऊ शकत असेल तरच घर तारण ठेवा. मी मागणीबद्दल आशावादी आहे, पण दुसऱ्याच्या घरावर नाही.

मोपाचं सोडा. बेस (ड्युटीचं ठिकाण) कंपनी देईल तो, दिल्ली म्हणजे दिल्ली.

डिचोलीकर

ठरलं, १५ लाख भरत नाही. क्लास २ साठी या आठवड्यात अपॉइंटमेंट घेतो. बारावीचा निकाल लागेपर्यंत आणखी काय करता येईल?

आल्टिमीटर

मेट आणि नेव्हिगेशनचा अभ्यास परीक्षा झाली की सुरू. आणि आजच एक काम: दहावीची गुणपत्रिका, आधार आणि पासपोर्ट शेजारी ठेवून नाव, वडलांचं नाव, आडनावाचं स्पेलिंग अक्षर न् अक्षर ताडून पाहा. आपल्याकडे एका कागदावर नाईक आय-के ने तर दुसऱ्यावर आय-सी-के ने, असं सर्रास असतं. फरक असेल तर आधी आधार-पासपोर्ट गुणपत्रिकेप्रमाणे करून घ्या, मग ईजीसीएवर प्रोफाइल उघडा. प्रोफाइल उघडल्यावर नाव बदलत बसलात तर कॉम्प्युटर नंबर लटकतो.