रस्त्यावरच्या खांबातून फोन चार्ज केला, हा गुन्हा होतो का? मदत हवी आहे

रातकिडा:
हसू नका, खरंच टेन्शन आलंय. परवा रात्री फोन दोन टक्क्यांवर, शेवटच्या बसचं तिकीट फोनमध्येच, आणि जवळपास सगळं बंद. दिव्याच्या खांबाला खाली ते छोटं दार असतं ना, त्याचं झाकण एका स्क्रूवर लोंबकळत होतं, आत वायरींचा गुंता आणि त्या गुंत्यात चक्क एक सॉकेट. चार्जर बॅगेत होताच, लावला. वीस मिनिटं खांबाला टेकून असा उभा राहिलो जणू कोणाची तरी वाट बघतोय. तेवढ्यात एक काका थांबले, वाकून आत बघितलं, म्हणाले, "ही सार्वजनिक वीज आहे, चोरी आहे ही, आत जाशील," आणि गेले निघून. त्यांनी फोटो काढला की नाही माहीत नाही, पण मोबाईल हातात होता.

घरी येऊन हिशोब केला. १५ वॅटचा चार्जर, वीस मिनिटं, म्हणजे ५ वॅट-अवर, म्हणजे एका युनिटचा दोनशेवा भाग. एवढ्याची कोणी केस करतं का? झाकण मी उचकटलेलं नाही, आधीच तसं होतं. कोणाला कायद्यातलं कळत असेल तर प्लीज सांगा.

फावलावेळ:
दोनशे वेळा लावा, एक युनिट पूर्ण करा, मग शरण जा 😀

कलमबहाद्दर:
चेष्टा राहू दे, प्रश्न चांगला आहे. वकील नाहीये मी, पण हा विषय वाचलाय. वीज ही "वस्तू" आहे का, यावरच कोर्टांनी डोकं फोडून घेतलंय. जर्मनीत १८९९ मध्ये सर्वोच्च कोर्ट म्हणालं की वीज वस्तू नाही म्हणून ती चोरता येत नाही, मग १९०० मध्ये त्यासाठी वेगळा कायदाच करावा लागला. उलट नेदरलँड्समध्ये १९२१ साली हेगच्या एका डेंटिस्टने मीटरमध्ये पिन घालून तो थांबवला होता, तिथलं कोर्ट म्हणालं की वीज वस्तूच आहे आणि ही चोरीच आहे. इंग्लंडने १९६८ च्या कायद्यात वीज वापरण्याचा वेगळाच गुन्हा ठेवलाय, पण त्यात दोन शब्द आहेत, "अप्रामाणिकपणे" आणि "परवानगीशिवाय". तुमचं सगळं या दोन शब्दांत अडकलंय, दोनशेव्या भागात नाही.

म्हणजे किती घेतलं याच्या आधी, घेताना डोक्यात काय होतं ते बघतात. "कोणाला काय कळतंय" असं वाटलं होतं का? खरं सांगा.

रातकिडा:
...थोडंसं. वाट बघतोय असं दाखवत होतो म्हणजे वाटलंच असणार.

कलमबहाद्दर:
मग काका अगदीच चुकले नाहीत 😀 पण घाबरू नका. लंडनमध्ये २०१५ साली लोकल ट्रेनच्या सॉकेटला आयफोन लावला म्हणून एकाला बेड्या घातल्या होत्या, सॉकेटवर लिहिलंही होतं की हे फक्त सफाईसाठी आहे, तरी पुढे काहीही कारवाई झाली नाही. कायद्यात जुनं तत्त्वच आहे की क्षुल्लक गोष्टीत कायदा पडत नाही. भारतीय दंड संहितेत ते कलम ९५ होतं, १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेत कलम ३३ झालंय. कुठलाही समंजस माणूस ज्याची तक्रार करणार नाही इतकं किरकोळ नुकसान असेल तर तो गुन्हाच धरत नाहीत. मात्र रोज रात्री तिथे ई-स्कूटर लावायला लागलात तर हे कलम कामाला येणार नाही. आणि झाकण उचकटलं असतंत तर ती सार्वजनिक मालमत्तेची नासधूस, ते प्रकरण वेगळं आणि जास्त जड.

टेस्टरवाला:
अहो कायदा गेला खड्ड्यात, मी हेच काम करतो म्हणून सांगतो. झाकण निघालेल्या खांबात हात घालायचा नाही म्हणजे नाही. आत २३० व्होल्ट, एखादी वायर सोललेली निघाली आणि लोखंडी खांबाला टेकली की अख्खा खांब करंट मारतो, आणि अर्थिंग नीट असेलच असं नाही. तुम्ही वीस मिनिटं त्यालाच टेकून उभे होतात! पाऊस असता तर हा धागा काढायला उरला नसतात. चोरीचं सोडा, झाकणाची तक्रार आजच करा, उद्या एखादं पोरगं हात घालेल.

रातकिडा:
हे वाचून आता खरी भीती वाटली, काकांचं काहीच नाही. तक्रारीचा ऑनलाइन फॉर्म उघडलाय, खांबाचा नंबर लक्षात आहे (वीस मिनिटं तोच वाचत होतो). सगळं भरलं, फक्त एक रकाना राहिलाय, "बिघाड आपल्या कसा लक्षात आला?" इथे काय लिहू?