विषय: बडोद्याचा परवाना जर्मनीत बदलताना अर्जात कोणते वर्ग मागावेत?

आदरणीय सभासद मंडळी,

सप्रेम नमस्कार. मी बडोद्यात दांडिया बाजारात राहते आणि नोकरीच्या निमित्ताने लवकरच यजमानांसह स्टुटगार्टला येत आहे. माझ्याकडे दरजीपुऱ्याच्या आरटीओचा, गिअरची मोटरसायकल आणि हलके मोटार वाहन अशा दोन वर्गांचा पक्का परवाना आहे. यजमानांच्या परवान्यावर त्याखेरीज ट्रान्सपोर्टचीही नोंद आहे, कारण मकरपुऱ्यात सासऱ्यांचा छोटा कारखाना असून चालक रजेवर असला की माल पोहोचवायला टेम्पो तेच घेऊन जातात. परवाना बदलण्याच्या अर्जात कोणते वर्ग हवेत ते लिहावे लागते असे समजले. घरातल्या वडीलधाऱ्यांचे म्हणणे असे की जे जे आहे ते सगळे मागून घ्यावे, नंतर हवे होते असे वाटायला नको. हे योग्य ठरेल का? आणि राहून गेलेला एखादा वर्ग पुढे सुट्टीत बडोद्याला आल्यावर जोडून घेता येईल का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

आपली नम्र,
दांडिया बाजारची एक नवी सभासद

—

ताई, नमस्कार.

उमेदीची वर्षे जर्मनीत काढून मी आता कारेलीबागेत परतलो आहे, तरी या यादीवरचे नाव काढलेले नाही.

सगळे मागून घेण्याचा सल्ला मला पटत नाही. काही देशांचे परवाने तिथे परीक्षेविना बदलून मिळतात, परंतु तिथल्या परवाना नियमावलीच्या ज्या परिशिष्टात त्या देशांची नावे आहेत त्यात भारत नाही. आपल्याला सक्तीचे प्रशिक्षण तेवढे माफ होते. लेखी आणि प्रत्यक्ष परीक्षा मात्र द्याव्या लागतात, आणि प्रत्यक्ष परीक्षा तर प्रत्येक वर्गाची वेगळी असते. शिवाय परीक्षेला आपला प्रशिक्षक आणि ड्रायव्हिंग स्कूलची गाडी लागते, त्यामुळे अर्जात एक वर्ग वाढवला की त्याच्या मागोमाग एक परीक्षा, तिचे शुल्क आणि स्कूलचे बिल वाढते. तिथली बिले पाहिली की घरातल्या वडीलधाऱ्यांचेही मत बदलेल.

मोटारीसाठी बी वर्ग मागावा. भारासह एकूण ३,५०० किलोपर्यंतचे आणि चालकाखेरीज आठ जणांपर्यंत बसण्याची सोय असलेले वाहन त्यावर चालवता येते. आपल्याकडच्या माणसाची गफलत होते ती या वजनात. भारतात हलके मोटार वाहन ७,५०० किलोपर्यंत जाते, आणि त्या मर्यादेतले मालवाहू वाहन ट्रान्सपोर्टची वेगळी नोंद नसतानाही चालवता येते, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला आहे. त्यामुळे बडोद्यात हलक्या वाहनाच्या परवान्यावर टाटाचा ४०७ टेम्पो चालवणाऱ्याला आपल्या हातातल्या कार्डाने तिथेही तेवढेच मिळेल असे सहज वाटते. प्रत्यक्षात ३,५०० किलोंच्या वर आणि ७,५०० किलोंपर्यंत तिथे सी-१ हा स्वतंत्र वर्ग आहे, त्याची परीक्षा निराळी, आणि दर पाच वर्षांनी वैद्यकीय तपासणीही करून घ्यावी लागते. यजमान तिथे मालवाहतुकीचा व्यवसाय करणार नसतील तर सी-१च्या वाटेला जाऊ नये. घर बदलताना भाड्याने मिळणाऱ्या सामानाच्या व्हॅन बहुधा ३,५०० किलोंच्या आतल्याच असतात.

दुचाकीचा विचार अधिक काळजीपूर्वक करावा लागेल. बी वर्गातच एएम हा छोटा वर्ग आपोआप येतो, म्हणजे ५० सीसीपर्यंतची, ताशी ४५ किलोमीटरच्या वर न जाणारी स्कूटर बी परवान्यावर चालते. भाजी-दूध आणण्यापुरते तेवढे पुरे. त्याच्या वर १२५ सीसीपर्यंत ए-१, ३५ किलोवॅटपर्यंत ए-२ आणि मर्यादेविना ए अशी चढती रांग आहे. थेट ए मागायचा तर वयाची २४ वर्षे पूर्ण असावी लागतात आणि परीक्षा किमान ५० किलोवॅटच्या, साधारण ६०० सीसीच्या मोटरसायकलवर होते. मांडवीच्या गर्दीतून ॲक्टिव्हा लीलया काढणाऱ्या माणसाला ते धूड मंद गतीने, पाय न टेकता वळवून दाखवावे लागते, तेही मागच्या मोटारीत प्रशिक्षक आणि परीक्षक बसलेले असताना आणि त्यांच्या सूचना कानातल्या रेडिओवर येत असताना. दुचाकीची खरोखर आवड असेल तर मात्र ए आताच मागावा, कारण प्रशिक्षणाची माफी आपल्याला जुन्या परवान्यामुळे मिळते आणि ती वाया घालवू नये.

आता सुट्टीत वर्ग जोडण्याविषयी. जर्मनीत कायम वास्तव्य सुरू झाल्यानंतर भारतात मिळवलेला वर्ग तिथे ग्राह्य धरत नाहीत, त्यामुळे दिवाळीला येऊन दरजीपुऱ्याला खेप घातली तरी त्याचा तिथे उपयोग नाही. काही जोडायचे असेल तर ते निघण्यापूर्वीच जोडावे. भारतीय परवान्यावर तिथे गाडी चालवण्याची मुभाही वास्तव्य सुरू झाल्यापासून सहा महिन्यांचीच असते. आरटीओचा आंतरराष्ट्रीय परवाना वर्षभराचा असला तरी ही मुदत त्याने वाढत नाही.

आपला,
कारेलीबागेतील जुना सभासद

—

काकांनी लिहिलेल्या सर्व गोष्टींशी मी सहमत आहे. गिअरचा मुद्दा मात्र राहिला. परीक्षा ऑटोमॅटिक गाडीवर दिली तर परवान्यावर ७८ हा संकेतांक छापला जातो आणि हाताने गिअर बदलायची गाडी चालवता येत नाही. १ एप्रिल २०२१ पासून बी-१९७ नावाची मधली वाट निघाली आहे: गिअरच्या गाडीवर पंचेचाळीस मिनिटांचे किमान दहा तास करायचे, स्कूलमध्येच पंधरा मिनिटे ती चालवून दाखवायची आणि परीक्षा ऑटोमॅटिकवर द्यायची; मग दोन्ही प्रकारच्या गाड्या चालवता येतात. तरीही, ताई, ज्यांचा हात बडोद्यात गिअरवर बसलेला आहे त्यांनी सरळ गिअरच्या गाडीवरच परीक्षा द्यावी असे माझे मत आहे, कारण आपल्याला जे प्रशिक्षण माफ आहे त्यातले दहा तास विकत घेण्यात शहाणपण नाही. अडचण एकच, गिअर डाव्या हाताऐवजी उजव्या हाताने बदलायचा असतो, आणि त्याची सवय होण्यासाठी ड्रायव्हिंग स्कूलचे चार-सहा तास घ्यावेतच.

लेखी परीक्षा इंग्रजीतून देता येते. हिंदीची सोय नाही. प्रत्यक्ष परीक्षेत आपली माणसे नापास होतात ती बहुधा खूण नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ न दिल्याने आणि वळण्यापूर्वी मान वळवून खांद्यामागे न पाहिल्याने. आरशात पाहिले असे सांगून परीक्षकाचे समाधान होत नाही.

स्टुटगार्टमधील एक सभासद

—

काका आणि स्टुटगार्टच्या ताई, दोघांचेही मनापासून आभार. दोघांसाठीही फक्त बी वर्ग मागायचा आणि परीक्षा गिअरच्या गाडीवर द्यायची असे आम्ही ठरवले आहे. यजमानांची ४०७ मकरपुऱ्यातच राहील. एक शंका उरते: नवा परवाना देताना जुने कार्ड तिथली कचेरी ठेवून घेते असे ऐकले. मग सुट्टीत आल्यावर येथे ॲक्टिव्हा कोणत्या कागदावर चालवायची? जर्मन बी वर्गात तर ती बसणार नाही.

दांडिया बाजारची नवी सभासद

—

ताई, आपण ऐकले ते खरे आहे. जुने कार्ड कचेरी ठेवून घेते. परंतु त्यामुळे आपली सारथी या सरकारी परवाना प्रणालीवरची नोंद आपोआप पुसली जात नाही, आणि डिजिलॉकरमधला परवाना भारतात मूळ कार्डाच्या बरोबरीने मानला जातो. तेव्हा निघण्यापूर्वी आधारशी जोडलेला मोबाइल क्रमांक चालू ठेवण्याची व्यवस्था करावी, डिजिलॉकरमध्ये परवाना उघडून त्यावर दोन्ही वर्ग दिसतात ना हे पाहावे, आणि मुदत संपत आली असेल तर नूतनीकरण येथे असतानाच उरकून घ्यावे. अर्ज करताना तिथे चालू मुदतीचे कार्ड दाखवले की पुढचे प्रश्नही कमी विचारले जातात. यजमानांच्या ट्रान्सपोर्टच्या नोंदीची मुदत निराळी असते, तीही त्याच वेळी तपासावी.

कारेलीबागेतील जुना सभासद