पीएस५ (प्लेस्टेशन ५ गेम कन्सोल) साठी वायरलेस हेडसेट कुठला बघू?

प्रश्न: घराला लागूनच यंत्रमाग, रात्री बारापर्यंत खटखट. गेममधली पावलं ऐकूच येत नाहीत. काल भावाचा ब्लूटूथ हेडफोन जोडायला बसलो, अर्धा तास गेला, जोडलाच जाईना. बजेट ५,००० रुपये.

उत्तर: नाहीच जोडला जाणार. पीएस५ थेट ब्लूटूथ हेडफोन घेत नाही. २.४ गिगाहर्ट्झचा यूएसबी डोंगलवाला घे, म्हणजे कन्सोलच्या यूएसबीत खोचायचा छोटा रिसीव्हर सोबत येतो तो. ब्लूटूथवर तसाही आवाज मागे पडतो. आधी मरतोस, मग गोळी ऐकू येते.

आणखी एक: कुशन कापडीच बघ बाबा. सोलापूरचा मे महिना! माझ्या रेक्झिनची सालं दुसऱ्याच उन्हाळ्यात निघाली. कानाला काळे पापुद्रे, आई म्हणाली खरूज झाली.

प्रश्नकर्ता: डोंगल हरवला तर?

उत्तर: हेडसेट खुंटीला टांगायचा. डोंगल कन्सोलमधून काढूच नकोस.